मेकर चळवळीचे सामाजिक मोल नेमके कशात मोजायचे?

धागाकर्ता: सुटा भाग

या धाग्याचे निमित्त एका दातेरी चाकाचे आहे. मी आठवड्यातली एक संध्याकाळ एका सामायिक कार्यशाळेत घालवतो. मध्यंतरी तिथे एक वयस्कर बाई आपले शिवणयंत्र घेऊन आल्या. मोटर फिरत होती, पण सुई जागची हलत नव्हती. झाकण उघडल्यावर आतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दोन दाते तुटलेले दिसले, आणि तो सुटा भाग बनवणे उत्पादकाने केव्हाच थांबवले होते. आम्ही तुटके चाक व्हर्नियरने मोजले, संगणकावर त्याचा आराखडा काढला आणि थ्रीडी प्रिंटरवर, वितळलेल्या प्लास्टिकचे थर एकावर एक देत, नवे चाक छापले. पहिले चाक दांड्यावर चढलेच नाही, कारण या पद्धतीने छापलेले भोक आराखड्यातल्या मापापेक्षा किंचित लहान येते. दुसरे चढले, पण पाच मिनिटांत त्याचे दाते थरांच्या सांध्यावर सोलून निघाले. तिसऱ्या खेपेला नायलॉन वापरायचे ठरले. नायलॉन हवेतली ओल शोषून घेते, आणि ओले नायलॉन छापताना तडतडते व त्यात बुडबुडे राहतात, म्हणून त्याचे रीळ आधी रात्रभर वाळवावे लागले. ते तिसरे चाक अजून फिरते आहे.

बाई समाधानाने यंत्र घेऊन गेल्या, आम्ही छायाचित्रे काढली, सगळे छान झाले. घरी येताना मात्र मनात हिशेब सुरू झाला. चार माणसे, तीन संध्याकाळी, एक महागडे यंत्र आणि वाया गेलेली दोन चाके, एवढ्या भांडवलावर आम्ही जे साधले ते एखाद्या मुरलेल्या कारागिराने जुन्या मोडक्या यंत्रातले चाक काढून अर्ध्या तासात साधले असते. मग आम्ही समाजाच्या उपयोगाचे काम केले, की छंदालाच उपयोगाचा मुलामा दिला?

हा प्रश्न विचारावासा वाटतो, कारण मेकर चळवळीचे, म्हणजे वस्तू विकत घेण्याऐवजी स्वतः बनवा असे सांगणाऱ्या चळवळीचे, दावे लहान नाहीत. डेल डोहर्टी यांनी २००५ मध्ये ‘मेक’ हे नियतकालिक सुरू केले, २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन मातेओ येथे पहिली मेकर फेअर भरली, आणि पुढच्या आठ वर्षांत, म्हणजे जून २०१४ मध्ये, अशीच एक जत्रा थेट व्हाइट हाउसमध्ये भरवली गेली. ग्राहकाचा निर्माता होईल, शाळांमधली घोकंपट्टी जाऊन मुले हाताने शिकतील, कारखाने मोठ्या शहरांतून निघून वस्तीवस्तीत येतील, अशी आश्वासने या काळात मुक्तहस्ते दिली गेली. यातले तिसरे आश्वासन मला कधीच पटले नव्हते. दुसऱ्यावर माझा विश्वास आहे. सीमोर पेपर्ट यांनी मुलांच्या शिक्षणाविषयी मांडलेला विचार, की आपण घडवलेली वस्तू इतरांसमोर ठेवताना मूल सर्वांत खोलवर शिकते, या चळवळीच्या कितीतरी आधीचा आहे आणि तो चळवळीनंतरही टिकेल. पहिल्या आश्वासनाबद्दल मात्र मी गोंधळलेला आहे. जाणत्यांनी मत द्यावे.

प्रतिसाद: मोजपट्टी

आपण हिशेब मांडलात तो एका चाकाचा आहे. सामायिक कार्यशाळेचा हिशेब वस्तूमागे मांडला तर तो नेहमी तोट्यातच दिसेल, कारण तिथे मुख्यतः तयार होते ती माणसांची तयारी. ती कधी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही.

एक उदाहरण देतो. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली, तेव्हा आपल्या घरासमोर किरणोत्सार किती आहे, हे तिथल्या लोकांना कळायला मार्ग नव्हता. जी सरकारी आकडेवारी होती ती विरळ होती, आणि एकाच गावाच्या दोन टोकांना प्रमाण वेगळे असू शकते. सेफकास्ट या स्वयंसेवी गटाने टोकियोतल्या हॅकरस्पेसमधल्या, म्हणजे हौशी तंत्रप्रेमींच्या सामायिक कार्यशाळेतल्या, मंडळींच्या मदतीने गायगर मापक बांधले, त्यांना स्थाननिश्चितीची सोय जोडली आणि ते मोटारींच्या खिडक्यांना बाहेरून बसवून रस्तोरस्ती मोजणी केली. पुढे त्याच मापकाचा सुटा संच निघाला, जो विकत घेणाऱ्याने स्वतः सोल्डर करून जोडायचा. जमलेली सगळी आकडेवारी कोणतीही अट न घालता खुली ठेवली गेली. आता यात गंमत अशी की, दुर्घटनेच्या आदल्या महिन्यात त्या हॅकरस्पेसमध्ये कोणी गेला असता, तर त्याला तिथे दिवे लुकलुकवणारी, वरवर निरर्थक खटपट करणारी माणसेच दिसली असती.

मुळांबद्दलही एक दुरुस्ती सुचवतो. ‘मेकर’ हा शब्द २००५ नंतर प्रचारात आला, पण सामायिक जागांची परंपरा त्याहून जुनी आहे. जर्मनीत केऑस कॉम्प्युटर क्लब १९८१ मध्ये स्थापन झाला, बर्लिनचा सी-बेस १९९५ चा आहे. फॅब लॅबची, म्हणजे संगणकचालित यंत्रांच्या छोट्या खुल्या कार्यशाळांची, शाखा तर वेगळ्याच बुंध्यातून फुटली. नील गर्शनफेल्ड यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९९८ साली ‘जवळपास काहीही कसे बनवावे’ अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून ही कल्पना आली, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळच्या विज्ञान आश्रमात उभी राहिली. म्हणजे एका नियतकालिकाच्या जाहिरातबाजीवरून सगळ्या चळवळीचे मोजमाप करणे योग्य होणार नाही.

प्रतिसाद: तिरकी रेघ

मोजपट्टी यांचे उदाहरण मला मान्य आहे, तरी धागाकर्त्यांच्या मूळ लिखाणातले एक वाक्य मला खटकले, ते म्हणजे “आम्ही छायाचित्रे काढली”. कशाची काढली? चाकाची आणि चाक छापणाऱ्यांची, असे मी धरून चालते.

डेबी चाच्रा या अभियांत्रिकीच्या प्राध्यापिकेने २०१५ च्या सुरुवातीला ‘द अटलांटिक’मध्ये एक लेख लिहून आपण स्वतःला मेकर का म्हणवत नाही, हे सांगितले होते. त्यांचा रोख यंत्रांवर नव्हता, प्रतिष्ठेच्या उतरंडीवर होता. जगात काहीतरी नवे आणणाऱ्याचा गौरव होतो. शिकवणाऱ्याचा, शुश्रूषा करणाऱ्याचा, आहे ते नीट चालते ठेवणाऱ्याचा होत नाही, आणि ही दुसऱ्या प्रकारची कामे परंपरेने बायकांच्या वाट्याला आलेली आहेत. ‘घडवणारा श्रेष्ठ’ असे म्हटले की न घडवणारे आपोआप खालच्या पायरीवर जातात, मग त्यांच्याविषयी कोणी एक शब्दही वाईट बोललेला नसला तरी. या लेखावर बऱ्याच जणांनी तेव्हा असे उत्तर दिले की, शिक्षकही ‘माणसे घडवतात’, म्हणून तेही मेकरच. मला हे उत्तर फार केविलवाणे वाटते. ज्या कामाला मान मिळवून देण्यासाठी त्याला दुसऱ्याच कामाचे नाव द्यावे लागते, त्या कामाला मान मिळालेला नसतोच.

त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, लिआ ब्यूकली यांनी स्टॅनफर्ड येथील एका परिषदेत ‘मेक’च्या मुखपृष्ठांचा हिशेब मांडला होता. त्यांवरच्या माणसांत सुमारे ८५ टक्के पुरुष व मुलगे होते आणि गौरेतर वर्णाची एकही व्यक्ती नव्हती. विषयांचाही ठरावीक साचा होता: यंत्रमानव, वाहने, इलेक्ट्रॉनिक्स. ब्यूकली बाहेरून दगड मारणाऱ्यांपैकी नव्हत्या. कापडावर वीजवाहक दोऱ्याने शिवता येईल अशी लिलीपॅड ही आर्डुइनोची, म्हणजे हौशी लोक वापरतात त्या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किटची, आवृत्ती त्यांचीच. तीच सूक्ष्मनियंत्रकाची चकती, तेच प्रोग्रॅमिंग, फक्त डाग देण्याऐवजी टाका घालायचा, एवढ्या बदलाने मुलींचा त्यातला सहभाग पुष्कळ वाढला. आधी विणकामाला, भरतकामाला ‘मेकिंग’ का म्हटले नाही, याचे उत्तर तंत्रात सापडणार नाही.

तेव्हा तुमच्या कार्यशाळेपुरता माझा प्रश्न साधा आहे. तिथे केर कोण काढते?

प्रतिसाद: जुना रंधा

मी दुरुस्तीवर पोट भरणारा माणूस आहे. बिघडलेली यंत्रे उघडण्यात माझी हयात गेली, आणि मला आजवर कोणीही मेकर म्हटलेले नाही. म्हटले असते तरी कामात फरक पडला नसता, त्यामुळे तक्रार नाही. पण ज्याच्याकडे फावला वेळ आहे त्याने बिघडलेली वस्तू जोडली की ‘सर्जनशीलता’, आणि ज्याला त्यावर घर चालवायचे आहे त्याने जोडली की ‘जुगाड’, हा शब्दांचा खेळ मात्र मला समजतो.

धागाकर्त्यांना मी हेही सांगेन की, अर्ध्या तासात चाक बसवणारा कारागीर तुम्हाला दिसतो, तेव्हा त्याच्या मागची मोडक्या यंत्रांची रास दिसत नाही. ती रास आता आटत चालली आहे. नव्या यंत्रांची अंगे स्क्रूऐवजी गोंदाने चिकटवलेली असतात, स्क्रू असले तर त्यांचे तोंड असे की नेहमीचा स्क्रूड्रायव्हर लागू नये, आणि सर्किटचा नकाशा मागूनही मिळत नाही. जुन्या रेडिओंच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो नकाशा चिकटवलेला असे. उघडणारा शत्रू आहे, असे तेव्हा बनवणाऱ्याला वाटत नव्हते. त्यामुळे तुम्ही त्या चाकाचा आराखडा काढलात, ही तुमच्या सगळ्या खटपटीतली माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट. चाक एकाचे, आराखडा सगळ्यांचा. तो तुम्ही कुठे ठेवला आहे, हे मात्र तुमच्या लिखाणात आलेले नाही.

मार्टिन पोस्टमा या बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमला पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला, त्याची माहिती वाचली तेव्हा आधी मला धास्तीच वाटली होती की, फुकट दुरुस्ती सुरू झाली तर आमचे काय. नंतर उमगले की, तिथे येणाऱ्या बहुतेक वस्तू अशा असतात ज्यांची दुरुस्ती मी पैसे घेऊन केली तर नव्या वस्तूपेक्षा महाग पडेल, म्हणून मीही त्या परत पाठवतो. शिवाय तिथे वस्तू टाकून निघून जाता येत नाही. मालकाने शेजारी बसून पाहायचे असते. एकदा आतला भाग पाहिलेला माणूस पुढच्या खरेदीच्या वेळी वेगळे प्रश्न विचारतो.

एक सूचना, विषयाला धरूनच आहे. एका कार्यशाळेत लेझर कटरवर कोणीतरी ॲक्रिलिक समजून पीव्हीसीचा पत्रा कापायला घेतल्याचे मी पाहिले आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक असतोच, पण यंत्राची भिंगे आणि पट्ट्याही गंजवून टाकतो. ‘कोणीही काहीही बनवू शकतो’ ही घोषणा भिंतीवर लावायची असेल तर तिच्याच शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, काय कापायचे नाही याचीही यादी लावावी.

प्रतिसाद: उघडी किल्ली

आतापर्यंतच्या चर्चेत मालकीचा प्रश्न राहून गेला आहे, आणि माझ्या मते मुख्य टीका तिथेच आहे.

आज स्वस्त थ्रीडी प्रिंटर दिसतात त्यांचा वंश बहुतांशी रेपरॅप प्रकल्पातून आला. एड्रियन बोयर यांनी तो २००५ मध्ये बाथ विद्यापीठात सुरू केला. स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकेल असे यंत्र बनवायचे आणि त्याचे सर्व आराखडे खुले ठेवायचे, ही कल्पना होती. वितळलेल्या प्लास्टिकचे थर देण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट स्ट्रॅटासिस कंपनीकडे होते, त्याची मुदत २००९ मध्ये संपली आणि वाट मोकळी झाली. त्याच वर्षी मेकरबॉट ही कंपनी निघाली. तिची सुरुवातीची यंत्रे मुक्तस्रोत होती, आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्यांत फुकट सुधारणा करून दिल्या. २०१२ मध्ये कंपनीने नव्या यंत्राचे आराखडे बंद केले. २०१३ मध्ये ती विकली गेली, आणि विकत घेणारी कंपनी होती स्ट्रॅटासिस. पेटंट संपून मोकळी झालेली वाट फिरून त्याच दाराशी आली. यात बेकायदा काही नाही. पण ज्यांनी रात्री जागून सुधारणा पाठवल्या, त्यांना आपण सार्वजनिक विहीर खणतो आहोत असे वाटत होते.

पैसा कोणाकडून घ्यायचा, हा वादही जुना आहे. २०१२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने शाळांमध्ये मेकरस्पेस उभारण्यासाठी ‘मेक’ची प्रकाशनसंस्था आणि तिच्या सहकाऱ्यांना निधी दिला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या नॉइजब्रिज या हॅकरस्पेसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मिच ऑल्टमन यांनी त्या वर्षी मेकर फेअरच्या कामातून अंग काढून घेतले. काहींना तो अतिरेक वाटला. शाळेतल्या मुलांना यंत्र मिळते आहे, पैसा कुठून का येईना, असे त्यांचे म्हणणे होते. मला ऑल्टमन यांची भूमिका समजते, कारण पैसा देणारा बहुधा विषयही ठरवतो.

आणि निव्वळ बाजाराच्या भरवशावर राहिले तर काय होते, तेही दिसले. सभासद-वर्गणीवर मोठ्या कार्यशाळा चालवणारी टेकशॉप २००६ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिने एका दिवसात सगळ्या अमेरिकी शाखांना कुलूप लावले. ‘मेक’ची मेकर मीडिया ही कंपनीही जून २०१९ मध्ये बंद पडली, नंतर तिचे काम नव्या, लहान रूपात उभे राहिले. उलट चीनमध्ये पंतप्रधान ली केचियांग यांनी जानेवारी २०१५ मध्ये शेन्झेनच्या एका मेकरस्पेसला भेट दिली, त्यानंतर सरकारी प्रोत्साहनाने अशा जागांचे पीकच आले. तिथे मेकर म्हणजे उद्याचा उद्योजक, असा अर्थ पक्का झाला. हौसेला जागा उरली ती उरलीच म्हणायची.

प्रतिसाद: मोजपट्टी

मालकीचा मुद्दा मान्य. तरीही आणीबाणीत या विखुरलेल्या क्षमतेचा उपयोग होतो, यावर मी ठाम आहे. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, उत्तर इटलीतल्या ब्रेशाजवळच्या एका रुग्णालयात श्वसनयंत्रणेचे व्हॉल्व्ह संपले आणि पुरवठादार ते वेळेत देऊ शकत नव्हता, तेव्हा एका लहान कंपनीच्या अभियंत्यांनी प्रत्यक्ष व्हॉल्व्ह पाहून त्याचा आराखडा काढला आणि शंभराच्या आसपास व्हॉल्व्ह छापून दिले. त्याच महिन्यात जगभर घरोघरी चेहऱ्यावरच्या पारदर्शक ढालींच्या चौकटी छापल्या गेल्या. अर्थात साच्यात ओतून तीच चौकट काही सेकंदांत निघते आणि प्रिंटरला तासांच्या हिशेबात वेळ लागतो, त्यामुळे साचे तयार होताच घरगुती छपाईची गरज ओसरली. पण साचे तयार होईपर्यंतच्या त्या आठवड्यांत ढाल मिळणे आणि न मिळणे, यात फरक होता.

कमकुवत बाजूही सांगून टाकतो. लहान मुलांसाठी छापलेल्या यांत्रिक हातांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या हाताचे आराखडे २०१३ पासून खुले आहेत. मनगट वाकवले की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटे मिटतात, इतकी सोपी व सुंदर रचना आहे. परंतु पकड बेताची असते, आणि मूल वाढते, हात वाढत नाही. पहिला हात देतानाचे छायाचित्र सगळीकडे फिरते. दुसरा, तिसरा, चौथा हात कोणी दिला, हे कोणी छापत नाही. तिरकी रेघ यांचा आक्षेप इथे मला पूर्णपणे लागू पडताना दिसतो.

अवांतर: छापील प्लास्टिक ‘पर्यावरणस्नेही’ असल्याचा दावा ऐकला की मला हसू येते. पीएलए हे छपाईतले नेहमीचे प्लास्टिक मक्यासारख्या पिकांपासून बनते हे खरे, पण ते कुजायला औद्योगिक खतप्रकल्पातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. बागेत पुरलेली फसलेली वस्तू वर्षानुवर्षे तशीच राहते.

प्रतिसाद: सुटा भाग (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तिरकी रेघ यांनी विचारलेला प्रश्न मनातून जाईना, म्हणून या आठवड्यात कार्यशाळेत गेल्यावर मी दारामागे टांगलेली वही उघडली. लेझरचे भिंग पुसले, धुराड्याची जाळी धुतली, बोथट ड्रिल वेगळ्या खणात काढून ठेवले, अशा नोंदी तिच्यात करायच्या असतात. आम्ही वीसएक जण तिथे नियमित जातो, आणि गेल्या वर्षभराच्या पानांवर मला तीनच हस्ताक्षरे सापडली. त्यांत माझे नव्हते. नायलॉनचे रीळ रात्रभर वाळवण्याचे कामही मी वर “वाळवावे लागले” असे कर्त्यावाचून लिहून गेलो आहे. ते वाळवायला जी व्यक्ती थांबली होती, तिचे हस्ताक्षर त्या तिघांपैकी एक आहे. शिवणयंत्रासोबतच्या आमच्या छायाचित्रात ती नाही, कारण तेव्हा ती घरी जाऊन झोपली होती.

जुना रंधा यांच्या प्रश्नाचे उत्तरही ओशाळवाणेच आहे. आराखडा कुठेही ठेवलेला नव्हता. तो माझ्या संगणकावर ‘चाक शेवटचे २’ या नावाने पडून होता. काल तो यंत्राच्या मॉडेल-क्रमांकासह खुल्या परवान्याखाली टाकला आहे. नायलॉन किती वेळ आणि कसे वाळवायचे, हे वाळवणाऱ्या व्यक्तीकडून लिहून घेतले आहे आणि तिचे नाव तिच्या संमतीने आराखड्यावर माझ्या नावाआधी आहे. वहीबद्दल अजून काही ठरलेले नाही. पाळ्या लावाव्यात असे मी सुचवले, त्यावर दोघांनी ही हौसेची जागा आहे, कार्यालय नाही, असे उत्तर दिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा विषय काढणार आहे.

प्रतिसाद: जुना रंधा

आराखडा पाहिला. दात्यांचे माप बरोबर आहे. भोक मात्र ६ मिलिमीटरच्या दांड्यासाठी तुम्ही ६.२ ठेवले आहे. तुमच्या प्रिंटरवर ते बसले असेल, दुसऱ्याच्या प्रिंटरवर ढिले होईल आणि चाक डगमगून दाते पुन्हा जातील. आराखड्यात ५.५ ठेवा आणि छापून झाल्यावर ६ च्या रीमरने हाताने भोक मोठे करायला सांगा. रीमर सावकाश फिरवायचा, नायलॉन तापले की माप पळते. आणि पहिली दोन फसलेली चाके फेकली नसतील तर त्यांचीही छायाचित्रे आराखड्याखाली टाका, थर कुठून सुटले ते स्पष्ट दिसेल अशी.

प्रतिसाद: सुटा भाग (धागाकर्ता)

पहिले सापडले. दुसरे केरात गेले असावे, वहीतल्या तिघांना विचारून सांगतो.